झुंबराखालचं बॅडमिंटन

"झुंबर!" असं ओरडून मी रॅकेट खाली घेतली आणि निवांत उभी राहिले.

शेजारी आईसुद्धा थांबली. तीपण माझ्याबरोबरच ओरडली होती आणि आता ओढणीच्या टोकानं कपाळ पुसत होती. बॅडमिंटनचं फूल वर गेलं, खूप वर गेलं, तिथून सावकाश खाली आलं आणि आमच्या दोघींच्या बरोब्बर मध्ये टप्पकन पडलं. जाळीपलीकडच्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. उंच खुर्चीवरच्या पंचबाई पुढं वाकल्या.

"काय म्हणालात?"

"झुंबर," मी म्हटलं. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल.

त्यांनी वर बघितलं. मग पलीकडच्या दोघींनी बघितलं. मग अख्खा हॉल माना वर करून बघायला लागला. वर काही म्हणजे काही नव्हतं. उंचच उंच पत्रा, त्याला दिवे, आणि तुळईवर बसलेला एक पारवा. मग जे हसू फुटलं ना लोकांना, की विचारू नका. मी तेव्हा नववीत होते, आणि नववीतल्या मुलीला साताऱ्यासारख्या ठिकाणी लोक हसले तर काय होतं, ते तुम्हाला माहितीच आहे. त्यात ही मॅच हरलो तर आमचं बॅडमिंटनच बंद होणार होतं. कायमचं. म्हणजे हसण्यावारी न्यायची सोयच नव्हती.

थांबा, हे असं मधूनच सांगून नाही कळायचं. झुंबरापासूनच सांगते.

कोरेगावात आमचं मंगल कार्यालय आहे, घर त्याच्या मागंच. पाटीवर आजोबांचं नाव आहे, पण ते कुणाच्या तोंडात नव्हतं. सगळा तालुका त्याला झुंबर कार्यालय म्हणायचा, रिक्षावाले तेच म्हणायचे आणि काही लोक तर पत्रिकेवरसुद्धा तसंच छापायचे. कारण हॉलच्या मधोमध आजोबांनी हैदराबादहून आणलेलं काचेचं झुंबर होतं. तीन मजली. इतके लोलक की पंखा लावला तरी किणकिणायचं. लग्न लागलं की नवरानवरीला त्याच्याखाली उभं करून एक फोटो काढायचाच, हा रिवाजच पडला होता. बाबांचा सगळा जीव त्या झुंबरात. आई म्हणायची, मला बघायला आले तेव्हासुद्धा माझ्याकडं कमी बघितलं आणि झुंबराचंच जास्त सांगितलं.

आता आषाढी एकादशी झाली की लग्नं बंद. तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्तच नसतात, त्यामुळं चातुर्मासात आमचा हॉल रिकामा असतो. खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या, ताडपत्र्या घड्या घालून ठेवलेल्या, आणि बाबा ऑफिसच्या खिडकीत बसून एकच पेपर तीनदा वाचणार.

त्या वर्षी मोसमातल्या शेवटच्या लग्नात कुणीतरी कवळी विसरून गेलं. खरंच सांगते. आमच्याकडं विसरलेल्या वस्तूंचं एक कपाट आहे. त्यात एकेक चप्पल असते, लहान पोरांच्या टोप्या असतात, काय काय असतं. पण कवळी त्यात ठेवायला बाबा तयार होईनात. म्हणून आई ती रुमालात गुंडाळून समोरच्या नव्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं हुमेराताई होत्या, डॉक्टर हुमेरा मुजावर, नुकत्याच कोल्हापूरहून आलेल्या. दातांवरून माणूस ओळखता येत नाही असं त्यांनी आईला हसत हसत सांगितलं, पण संध्याकाळी दवाखाना बंद करून त्या कार्यालय बघायला आल्या. आत आल्या आणि काय केलं, तर टाळी वाजवली. आवाज घुमला. मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेल्या आणि आईला विचारलं, "वहिनी, इथं जाळी बांधता येईल का?"

आईला एकदम कपाट आठवलं. त्यात एक आहेराचा लांबट खोका कधीपासून पडून होता, नाव नाही, गाव नाही, दोन्हीकडच्यांना फोन करून झालेले. तो फोडला तर आत चार रॅकेटा, एक जाळी आणि प्लॅस्टिकच्या फुलांचा डबा. नवरानवरीला बॅडमिंटन कुणी दिलं असेल, देव जाणे.

तर असं आमच्याकडं बॅडमिंटन आलं. हुमेराताईंनी मंडपवाल्याच्या दोन बांबूंना जाळी बांधली, खडूनं रेघा मारल्या आणि मला शिकवायला लागल्या. मी रॅकेट तव्यासारखी धरायचे. त्या म्हणाल्या, रॅकेटशी हात मिळव, कुणी पाव्हणा आल्यावर मिळवतात तसा, आणि मग तेवढीच घट्ट धर. सर्व्हिस कमरेच्या खालून करायची. फूल रेघेवर पडलं तर ते आतच. पाय चिकटवून उभं राहायचं नाही, फूल निघालं की आपणही निघायचं. हे सगळं मला चार दिवसांत यायला लागलं. अवघड होतं ते वेगळंच.

झुंबर! जाळीच्या बरोब्बर वर. खरं बॅडमिंटन म्हणजे फूल उंच उडवायचं, समोरच्याला पार मागं पळवायचं, मग हळूच पुढं टाकायचं. आमच्याकडं उंच उडवलं की ते थेट लोलकांत. किणकिणकिण, आणि ऑफिसातून बाबांची आरोळी. मग आम्ही नियमच केला. फूल वर जाताना दिसलं की वाजायच्या आधीच "झुंबर" म्हणून ओरडायचं, खेळ थांबवायचा आणि तो पॉइंट पुन्हा खेळायचा. हुमेराताई सारख्या सांगायच्या की हा नियम फक्त इथला आहे, बाहेर असलं काही नसतं. मी हो हो म्हणायचे. पण रोज संध्याकाळी तेच खेळल्यावर ते अंगात भिनलं. आमचा सगळा खेळ जाळीला घासून. सपाट, जोरात, छातीवर.

आणि बाबा. बाबांनी रॅकेटला हात लावला नाही कधी. पण खिडकीतून त्यांना झुंबर दिसायचं आणि फूल वर निघालं की आमच्या आधी त्यांचीच आरोळी यायची. पंगत उठवणारा आवाज तो. पेपर वाचतोय असं दाखवायचे, पण एक फूल त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही.

आई सुरुवातीला खेळायची नाही. ती काठी घेऊन उभी असायची. झुंबरात अडकलेलं फूल लोलकाला धक्का न लावता काढायचं, हे काम फक्त तिलाच जमायचं. एक दिवस हुमेराताईंनी तिच्या हातातली काठी काढून घेतली आणि रॅकेट दिली. आई म्हणाली, मला मेलीला काय येतंय. आणि पहिलंच फूल तिनं असं काही परतवलं की हुमेराताईंच्या कानाजवळनं गेलं. मग काय, रोज कुकर लावला की आई हॉलमध्ये. आधी साडी खोचून, मग माझ्या मामेबहिणीचा पंजाबी ड्रेस घालून. शिट्ट्या मोजायला मला पाठवायची, म्हणजे स्वतःला थांबायला नको. संध्याकाळी एवढं हसणारी आई मी त्याआधी बघितलीच नव्हती.

गणपती झाले, नवरात्र झालं, आणि एक दिवस ऑफिसात दोन माणसं येऊन बसली. साड्यांचा सेल लावणारी. पुढच्या वर्षीपासून चारही महिने हॉल त्यांना पाहिजे होता. आईनं रात्री जेवताना विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, हॉल रिकामा ठेवून काय पूजा करायचीये का. त्यात चुकीचं काही नव्हतं म्हणा. आई वाढत राहिली. मीच म्हटलं, मग आम्ही कुठं खेळायचं? बाबा म्हणाले, खेळलात की चार महिने, आता अभ्यास करा.

दुसऱ्या दिवशी हुमेराताई एक बातमी घेऊन आल्या. साताऱ्याच्या एका क्लबची दिवाळीनंतर स्पर्धा होती, घरच्या जोड्यांची. एका घरातल्या दोन बायका. सासू-सून चालेल, मायलेकी चालतील, नणंद-भावजय चालेल. आईनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. रात्री बाबांना वाढताना म्हणाली, "आम्ही एक मॅच जिंकली तर सेलवाल्यांना नाही म्हणाल?"

बाबांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "एक मॅच जिंकलात तर सेल रद्द. झुंबरसुद्धा हलवतो. आणि हरलात तर जाळी खाली, परत विषय नाही काढायचा."

झुंबर हलवतो, हे ते चेष्टेत म्हणाले होते. म्हणजे आम्ही जिंकणं किती शक्य आहे, ते सांगायला. आई म्हणाली, "ठरलं."

तर अशा आम्ही साताऱ्यात. बाबा बरोबर होते, पण मॅचसाठी नाही हं, जनरेटरवाल्याकडं काम होतं म्हणून. ते वर बाकड्यावर हाताची घडी घालून बसले. हुमेराताईंना दवाखाना सोडता आला नव्हता. आणि समोर कोण आलं, तर दोघी जावा. देशमान्यांच्या. थोरली उंच, धाकटी गोल, आणि दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलत नव्हत्या. घरातही बोलत नाहीत म्हणे, कुठल्याशा पाटल्यांवरून. पण कोर्टात उतरल्या की एक पुढं गेली की दुसरी आपोआप मागं. बोलायची गरजच नाही.

त्यांनी पहिलंच फूल उंच उडवलं, आणि आम्ही दोघी काय ओरडलो ते सांगितलंच. बरं, एकदा झालं, लोक हसले, संपलं असं झालं असतं तर ठीक होतं. पण परत तेच. फूल वर गेलं की माझे हात आपोआप खाली. तोंडातून शब्द बाहेर पडू नये म्हणून मी ओठ दाबून धरले, तरी पाय थांबायचेच. जावांना काही वेळानं कळलं की या दोघींना वर मारलं की या पुतळे होतात. मग काय. वरच मारायला लागल्या. पहिला गेम आम्ही असा हरलो की मला वाटलं, इथूनच स्टँडवर पळून जावं.

दोन गेमच्या मध्ये पाणी प्यायला थांबलो. मी रडायच्या बेतात. आई माझ्याकडं बघतच नव्हती. ती वर बघत होती. तोंड थोडं उघडं, मान पार मागं, देवळाचा कळस बघतात तशी.

"मैथू, वर बघ," ती म्हणाली.

"आता कशाला?"

"बघ तरी. काही नाहीये गं."

मी बघितलं. पारवा होता फक्त.

"काठीपण नको आणायला," आई म्हणाली, आणि तिला एकदम हसू आलं. मग मलापण.

दुसऱ्या गेमला आईनं पहिल्याच फटक्याला फूल वर मारलं. नेम बिम काही नाही, नुसतं वर. बाहेर गेलं. पुढचंपण बाहेर. पण तिला काही फरकच पडत नव्हता हो, ती मारतच राहिली, आणि हळूहळू ती फुलं आत पडायला लागली. जावा मागं पळायला लागल्या. त्या मागं गेल्या की मी जाळीवरून आमचं ते घासून मारायचे, छातीवर, आणि तसलं सपाट खेळणं त्यांनी कधी बघितलेलंच नव्हतं. कोण खेळेल तसं? डोक्यावर झुंबर असल्याशिवाय? धाकटीला तर एकदा रॅकेट मध्ये घालून नाक वाचवायला लागलं. दुसरा गेम आमचा. मघाशी हसणारे लोक आता आमच्या बाजूनं टाळ्या वाजवत होते. बाबांची घडी सुटली होती. मी बघितलं ना, हात गुडघ्यांवर आले होते.

तिसरा गेम मी सांगूच शकत नाही नीट. मला नुसतं आईचं धापा टाकणं आठवतंय आणि तिचं "माझं, माझं" म्हणणं. शेवटी आम्ही वीस, त्या एकोणीस. एक पॉइंट राहिलेला. एकच.

मी सर्व्हिस केली. थोरलीनं फूल लांब टाकून आईला कोपऱ्यात पळवलं. आई पार रेघेपर्यंत मागं गेली, एका पायावर, आणि तिथून तिनं जे मारलं ना. अख्ख्या आयुष्यात तिनं एवढं उंच काही मारलं नसेल. फूल वर, वर, दिव्यांच्या जवळ. सगळा हॉल माना वर करून.

आणि बाकड्यावरून आरोळी आली, "झुंबर!"

पंगत उठवणारा आवाज. पत्र्यावर आपटून परत आला. पारवा उडाला. धाकटी दचकली, तिनं वर बघितलं, आणि फूल तिच्या पायाशी पडलं. रेघेच्या आत.

आम्ही जिंकलो. मी आईच्या गळ्यात पडले. आणि पंचबाई म्हणाल्या, थांबा. बाहेरून आवाज आला, खेळाडू दचकल्या, हा पॉइंट पुन्हा खेळावा लागेल. मग बाकड्यांकडं बघून त्यांनी विचारलं, कोण ओरडलं?

बाबा उभे राहिले. शाळेतल्या पोरासारखा हात वर. "मी."

"तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"यांच्याच," बाबा म्हणाले. "मी यांचाच आहे. सवयीनं झालं."

लोक हसून हसून लोटपोट. बाबा खाली बसले ते दोन्ही हातांनी डोकं धरून. पॉइंट पुन्हा खेळलो. माझं फूल जाळीत. मग पुढचाही गेला आणि त्याच्या पुढचाही. संपलं. थोरल्या देशमानेबाईंनी आईचा हात धरून विचारलं, असलं जाळीवरून मारायला कुठं शिकलात? आई म्हणाली, लग्नाच्या हॉलात. त्यांना ती चेष्टा वाटली. पुढच्या वर्षी या म्हणाल्या. आई म्हणाली, बघू.

येताना एसटीत आई खिडकीशी, मी मध्ये, बाबा कडेला. जनरेटरवाल्याकडं जायचं राहिलंच होतं. स्टँड आल्यावर आई उठता उठता एवढंच म्हणाली, "ठरल्याप्रमाणं उद्या जाळी काढा." रागानं नाही, रोजच्यासारखंच. भाजी आणा म्हणते तसं.

सकाळी मला किणकिणीनं जाग आली. लोलक वाजत होते, एकदोन नाही, सगळे. मला वाटलं, जाळी काढताना बांबू लागला. मी तशीच हॉलमध्ये पळाले. तर जाळी होती तिथंच. मंडपवाल्याच्या पोरांनी बांबूची परांची उभी केलेली, आणि वर, अगदी वर, बाबा. बनियनवर. झुंबराची साखळी धरून. मंडपवाले अण्णा दोर सोडत होते आणि आई खाली घोंगडी पसरत होती. तिच्या तोंडावरून तिलाही हे आत्ताच कळलंय असं दिसत होतं.

"अहो, पण आम्ही हरलो," ती वर बघून म्हणाली.

"तो पॉइंट तुमचा होता."

"पंचांनी दिला नाही ना."

"पंचांना काय कळतंय. फूल आत पडलं होतं. मी बघितलं," बाबा वरून म्हणाले. मग साखळी सावरत म्हणाले, "सेलवाल्यांना सकाळीच फोन केलाय. हे जेवणाच्या हॉलमध्ये लावू. लोकांना फोटो काढायचा तर जेवताना काढतील."

झुंबर सावकाश खाली आलं. एवढ्या जवळून मी ते कधीच बघितलं नव्हतं. वरच्या मजल्याच्या वाटीत काय असेल? आमची फुलं. आईच्या काठीलाही न दिसलेली, धुळीनं राखाडी झालेली प्लॅस्टिकची फुलं. बाबा खाली उतरले, त्यातलं एक उचललं, बनियनला पुसलं आणि आईसमोर धरलं.

"मार बघू. कालच्यासारखं."

आई साडीत होती. तिनं पदर खोचला, मागच्या रेघेवर गेली आणि मारलं. फूल वर गेलं. आम्ही सगळ्यांनी, अण्णांनीसुद्धा, खांदे आक्रसून धरले, आता वाजणार म्हणून. ते झुंबराच्या जागेतून सरळ आरपार गेलं. कसलाच आवाज आला नाही. पार वर जाऊन वळलं आणि पलीकडं शेवटच्या रेघेपाशी पडलं.

बाबा वाकून, चष्मा नाकावर सरकवून, नीट बघून आले.

"आऊट," ते म्हणाले.

"रेघेवर होतं," आई म्हणाली.

"रेघ कुठाय, रेघ पुसलीये तिथं."

"मग आऊट कसं कळलं तुम्हाला?"

आणि ते दोघं तसेच भांडत भांडत चहाला गेले.